माझ्यामागे घर नव्हतं

मी एक जुना दरवाजा आहे. जुना म्हणजे फार नाही, बारा वर्षांचा. घरांचे दरवाजे तीन-तीन पिढ्या टिकतात. पण मी एका थीम पार्कात कामाला होतो, आणि तिथे लाकूड लवकर म्हातारं होतं.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुमचा गैरसमज व्हायला नको. माझ्यामागे घर नव्हतं. मला चौकट होती, उंबरठा होता, वर कौलांचं छप्पर होतं. दोन्ही बाजूंना खिडक्या होत्या, त्यांत रंगवलेले पडदे होते. पण मला उघडून तुम्ही आत पाहिलं असतं तर अडीच फुटांची एक पोकळी दिसली असती. तिच्यात एक स्टूल, पाण्याची बाटली आणि एक पिवळा बल्ब. मग प्लायवुड. प्लायवुडच्या पलीकडे पॉपकॉर्नच्या दुकानाची मागची भिंत. बस्स.

पार्कात पाळणे होते, घसरगुंड्या होत्या, पाण्यातून जाणारी आगगाडी होती. आणि एका कोपऱ्यात 'सणांची गल्ली' होती. शहरात जितक्या प्रकारची माणसं राहतात त्यांतल्या प्रत्येकाचं एकेक घर तिथे उभं केलं होतं, म्हणजे घराचा पुढचा भाग. ज्याचा सण त्याचा महिना. सण एका दिवसाचा असला तरी पार्कात तो महिनाभर चालायचा. महिना संपला की त्या घराचे दिवे बंद, पुढच्या घराचे चालू. मी नदीपलीकडच्या लोकांच्या घराचा दरवाजा होतो.

मला मिस्त्रीने बनवलं. मिस्त्री स्वतः नदीपलीकडचा. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे, म्हणून मीही तसंच म्हणतो. पार्कच्या मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं होतं, "खऱ्यासारखा करा, पण खरा करायची गरज नाही. लांबून दिसला की झालं."

मिस्त्री म्हणाला, "दार वाजवायचंय ना? मग ते वाजलं पाहिजे. पुठ्ठा वाजत नाही."

एका पाडलेल्या गोदामाच्या तुळया त्याने स्वस्तात आणल्या. त्यांच्या फळ्या काढल्या, रंधा मारला, खाचा पाडल्या. अठरा दिवस लागले. एकोणिसाव्या दिवशी त्याने मला चौकटीत बसवलं आणि मी आत उघडलो. नदीपलीकडे सगळे दरवाजे आत उघडतात. आलेला माणूस जिथे उभा असेल तिथेच उभा राहतो आणि दार त्याच्यासमोरून बाजूला होतं. मिस्त्रीने मला तीनदा उघडून-लावून पाहिलं. कुठे घासत नव्हतं. तो माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सुरक्षेचे साहेब आले.

"गर्दीच्या जागी दार बाहेरच उघडलं पाहिजे," ते म्हणाले. "आग लागली तर लोकांना बाहेर पडता आलं पाहिजे."

"साहेब, आत कुणी नाहीच. बाहेर पडणार कोण?" मिस्त्रीने विचारलं.

"ते नियमाला कसं कळणार?" साहेब म्हणाले आणि कागदावर फुली मारून गेले.

मिस्त्रीने मला काढलं. चौकटीत बिजागऱ्यांसाठी पाडलेल्या खाचा लाकडाचे तुकडे ठोकून बुजवल्या, नव्या खाचा पाडल्या आणि मला उलटं टांगलं. तेव्हापासून मी बाहेर उघडायला लागलो. दार वाजवणाऱ्याला दोन पावलं मागे सरावं लागायचं, नाहीतर मी त्याच्या नाकावर बसायचो. पहिल्या वर्षी नदीपलीकडचे एक म्हातारे गृहस्थ नातवंडांना घेऊन आले होते. बराच वेळ माझ्याकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "दार उलटं आहे. हे येणाऱ्याला ढकलतं." मिस्त्री शेजारीच होता.

आता तो सण काय होता ते सांगतो. त्या लोकांचा सण दाराचा असतो. त्या दिवशी सकाळी घरातली सगळी माणसं आत जातात आणि दार लावून घेतात. एक जण बाहेर राहतो. तो तीनदा दार वाजवतो. आतून विचारतात, "कोण?" तो स्वतःचं नाव सांगत नाही. जी माणसं या घरात होती आणि आता नाहीत त्यांची नावं घेतो. वारलेली, लांब गेलेली, सगळी. एक नाव घ्यायचं आणि थांबायचं. आतून उत्तर येतं, "जागा आहे." मग पुढचं नाव. शेवटी दार उघडतात. बाहेरचा माणूस लगेच आत जात नाही. तो बाजूला होतो आणि एक माणूस आत जायला जितका वेळ लागेल तितका वेळ थांबतो. मग स्वतः जातो. मग सगळे जेवतात. इतकाच सण.

मिस्त्रीने हे सगळं एका कागदावर लिहून मॅडमला दिलं होतं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी कागद नीट वाचला. मग पेन्सिल घेतली.

"नावं काढू या. लोक तिकीट काढून येतात ते मजा करायला. गेलेल्यांची यादी ऐकून कुणी रडलं तर?"

मिस्त्रीची बायको तिथे होती. त्याचा डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "रडतातच. मग जेवतात."

मॅडम हसल्या, पण पेन्सिल थांबली नाही. शेवटी असं ठरलं की आतून "कोण?" असं विचारायचं आणि बाहेरच्याने ओरडायचं, "आनंद आलाय!" मग मी उघडायचं, वरून रंगीत कागद उडायचे, आणि पार्कचं अस्वल नाचत उंबरठ्यावर यायचं.

अस्वल म्हणजे पार्कचं अस्वल. पाळण्यांच्या तिकिटांवर, टोप्यांवर, सगळीकडे तेच छापलेलं असायचं. प्रत्येक सणात ते असायचंच. फक्त महिन्याप्रमाणे डोक्यावरची टोपी बदलायची. आतला माणूस चाळिशी ओलांडलेला, गुडघ्यांनी बेजार. त्यालाही सगळे अस्वलच म्हणायचे. तो म्हणायचा, "मी बारा महिन्यांचा जावई. दर सणाला नवी टोपी मिळते, पण मान कुठेच नाही." अस्वलाच्या पोशाखाला खरंच मान नव्हती. डोकं थेट खांद्यांवर बसायचं.

आतून विचारायचं काम मिस्त्रीच्या बायकोला मिळालं, ते चुकून. मिस्त्रीने माझा आवाज कसा येतो हे पाहायला तीनदा ठोकलं. ती आत पोकळीत रंगाचे डबे उचलत होती. सवयीने म्हणाली, "कोण?" मॅडमनी ते ऐकलं आणि जागच्या जागी टाळी वाजवली. "हेच हवंय मला!"

तेव्हापासून ती पार्कात सगळ्यांची काकू झाली. सणाचा महिना सोडला तर कपड्यांच्या खोलीत बसून तुटलेली बटणं आणि उसवलेल्या शिवणी नीट करायची. अस्वलाचा पोशाख अकरा वर्षं तिनेच शिवून-शिवून टिकवला. मिस्त्री वर्षभर पार्कची दुरुस्तीची कामं करायचा. सणाच्या महिन्यात मात्र दोघं माझ्यापाशी असायची. तो बाहेर, ती आत. मध्ये मी.

मित्रांनो, माझे ते बरे दिवस होते. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. "किती जुनं दार आहे," म्हणायचे, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. शाळांच्या सहली यायच्या. बाई मुलांना सांगायच्या, "बघा, नदीपलीकडच्या लोकांचा सण असा असतो." मुलं वहीत अस्वल काढायची. पुढे पुढे नदीपलीकडच्यांची मुलंही घरी दार वाजवून "आनंद आलाय" म्हणायला लागली. मिस्त्रीच्या नातीनेच एकदा फोनवर विचारलं होतं, "आजोबा, आपल्याकडे अस्वल कधी येणार?" मिस्त्रीने फोन काकूकडे दिला होता.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती कुणाला ठाऊक नव्हती. खुद्द सणाच्या दिवशी पार्कात सगळ्यात जास्त गर्दी. त्या दिवशी रजा नाही. म्हणजे मिस्त्री आणि काकूला घरी सण करताच यायचा नाही. पहिल्या वर्षी मिस्त्री याच गोष्टीवर चिडला होता. सामान भरायला लागला होता. काकू म्हणाली, "अहो, त्यांचं दार, त्यांचं म्हणणं. चार वेळा त्यांचं करू. पाचव्यांदा आपलं."

तसंच झालं. सणाच्या दिवशी चौथा खेळ संपला, लोक फाटकाकडे निघाले, की मिस्त्री पुन्हा माझ्यासमोर यायचा. तीनदा ठोकायचा. आतून काकू विचारायची, "कोण?" तो हळू आवाजात नावं घ्यायचा. त्याचे आईवडील. तिची थोरली बहीण. तीन दिवसच घरात राहिलेला त्यांचा मुलगा. लग्न होऊन लांब गेलेली लेक. प्रत्येक नावाला काकू म्हणायची, "जागा आहे." अडीच फुटांच्या पोकळीत ती इतक्या सगळ्यांना जागा द्यायची. मग मला ढकलायची, मिस्त्री दोन पावलं मागे सरायचा, थोडं थांबायचा. त्याने आत यायच्या आधी तिलाच बाहेर यावं लागायचं, कारण दोघं आत मावत नव्हती. मग ती म्हणायची, "चला, मला भूक लागलीय." अकरा वर्षं असं चाललं. कागदाचे तुकडे झाडणारे लोक आजूबाजूला असायचे. अस्वल बाकावर बसून गुडघे चोळत असायचं. कुणाचं लक्ष आहे असं वाटायचं नाही.

अकराव्या सणानंतर काकूला खोकला झाला. खोकला आहे, जाईल, असं ती म्हणत राहिली. मग कपड्यांच्या खोलीला कुलूप दिसायला लागलं. मग एक दिवस अस्वल माझ्याजवळ आलं, डोकं काढून हातात धरलं आणि नुसतं उभं राहिलं. संध्याकाळी झाडूवाल्या बोलत होत्या, त्यावरून मला कळलं. सण दोन महिन्यांवर होता.

मला काय वाटलं असं तुम्ही विचाराल. मला सांगता येत नाही. लाकूड कापतात तेव्हा आवाज येतो. नुसतं ठेवून दिलं तर येत नाही.

मिस्त्री आठवड्याने कामावर आला. मॅडम म्हणाल्या, "हवी तितकी रजा घ्या. पगार कापणार नाही."

"घरी काय करू?" मिस्त्री म्हणाला.

लेक आली होती, "बाबा, माझ्याकडे चला," म्हणत होती. तो गेला नाही. डबा आणेनासा झाला. पॉपकॉर्नच्या दुकानामागे बसून चहाबरोबर पाव खायचा. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचा. विचारलं नाही तर बोलायचा नाही. काम मात्र नेहमीसारखं करायचा. खिळे सरळ जायचे.

सण जवळ आला तेव्हा मॅडमनी काकूच्या जागी दुसरी बाई शोधून पाहिली. अडीच फुटांत बसायला कुणी तयार होईना. मग त्यांनी मोटर आणवली. तिच्यासोबत एक छोटा भोंगा होता. मला तीनदा ठोकलं की यंत्राला कळायचं, भोंग्यातून आवाज यायचा, आणि मोजून पाच सेकंदांनी मी आपोआप उघडायचो. भोंग्यातला आवाज कचेरीतल्या एका मुलीचा होता. हसत हसत, लांबवून म्हटलेलं "कोऽऽण?"

ती मोटर मिस्त्रीलाच बसवावी लागली. सुतारकाम त्याचं होतं. त्याने माझ्या पाठीला चार भोकं पाडली, दांडा जोडला, स्क्रू आवळले. स्टूल तसंच राहू दिलं. बाटली तशीच राहू दिली. खिळ्याला काकूचा घाम पुसायचा रुमाल लटकत होता, त्याच्याकडे त्याने पाहिलं नाही. वरच्या कोपऱ्यात वायर अडकत होती तेव्हा त्याने रुमालाच्या बाजूने हात वळवून घेतला.

त्याची अडचण काय होती ते मला ठाऊक होतं. नदीपलीकडे अशी रीत आहे की माणूस गेल्यावर पहिल्याच सणाला त्याचं नाव दारात घेतलं पाहिजे, आणि आतून उत्तर आलं पाहिजे. नाहीतर ते माणूस वर्षभर बाहेर उभं राहतं असं म्हणतात. आता मिस्त्रीच्या घरी आत कोण होतं? लेकीला नातीच्या परीक्षेमुळे येता येत नव्हतं, आणि "बाबा, तुम्ही या," असं ती म्हणत होती, पण लेकीचं दार हे काकूचं दार नव्हे. घराच्या दारात उभं राहून त्याने ठोकलं असतं तर आतून फक्त भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं असतं. आणि त्या दिवशी रजा नव्हतीच. मॅडमनी रजा दिली असती. त्याने मागितली नाही.

सणाच्या दिवशी पहिला खेळ अकराला होता. खच्चून गर्दी. मिस्त्रीने सणाचा अंगरखा घातला होता, तो पार्कचाच. समोर येऊन त्याने तीनदा ठोकलं. मी वाजलो. भोंगा म्हणाला, "कोऽऽण?"

मिस्त्रीने "आनंद आलाय" म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मित्रांनो, माणूस "कोण" म्हणून विचारतो तेव्हा उत्तराची वाट पाहतो. यंत्र पाहत नाही. पाच सेकंद झाले आणि मोटरने मला ढकललं. मिस्त्री मागे सरला नाही. त्याच्या कपाळावर आणि खांद्यावर मी आदळलो. तो खाली बसला. वरून रंगीत कागद उडाले, अस्वल त्याला ओलांडून कसंबसं उंबरठ्यावर पोचलं, आणि लोक हसून हसून लोटपोट झाले. त्यांना वाटलं, हे ठरवूनच केलंय.

मॅडम धावत आल्या. "लागलं का?"

"नाही."

"बरं झालं. पण मिस्त्री, लोकांना आवडलं हो. जमलं तर पुढच्या खेळातही…" त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. त्यांना स्वतःलाच ते कसंतरी वाटलं असावं. पण म्हणून झालं होतं.

पुढच्या दोन खेळांतही मी मिस्त्रीवर आदळलो. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. त्याला मागे सरायचं सुचतच नव्हतं. अस्वलाने तिसऱ्या वेळी पोशाखाच्या आतून पुटपुटत म्हटलं, "अहो मिस्त्री, सरा ना मागे, तुमच्या पाया पडतो." चौथ्या वेळी अस्वलानेच हात आडवा घातला आणि माझा मार स्वतःच्या फुगीर दंडावर घेतला. लोक पुन्हा हसले.

साडेपाचला चौथा खेळ संपला. मोटरचं बटण बंद झालं. झाडूवाल्या कागद गोळा करायला लागल्या. अस्वल पोकळीत शिरलं. काकू गेल्यापासून ते दोन खेळांच्या मध्ये तिथेच स्टुलावर बसायचं, कारण बाकावर बसलं की मुलं फोटोला यायची आणि गुडघ्यांना आराम मिळायचा नाही. त्याने मला आतून ओढून घेतलं, डोकं काढून मांडीवर ठेवलं, काकूच्या बाटलीत भरलेलं पाणी प्यायलं आणि डोळे मिटले.

मिस्त्री माझ्यासमोर आला. कपाळावर टेंगूळ होतं. तो बराच वेळ उभा राहिला. आत कुणी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मोटर बंद आहे हे ठाऊक होतं. तरी त्याने हात उचलला आणि तीनदा ठोकलं.

अस्वल दचकलं. वैतागून म्हणालं, "कोण?"

झाडूंचा आवाज येत होता. लांब कुठेतरी पाळणा थांबत होता. आत अस्वलाने डोळे उघडले. बाहेर कोण आहे आणि आज कोणता दिवस आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने पुन्हा विचारलं, या वेळी हळू.

"कोण आहे?"

मिस्त्रीने वडिलांचं नाव घेतलं आणि थांबला. उत्तर आलं नाही. अस्वलाला उत्तर ठाऊक होतं. अकरा वर्षं बाकावर बसून त्याने ते ऐकलं होतं. पण ते आपण म्हणावं की म्हणू नये हे त्याला कळेना. मिस्त्रीने आईचं नाव घेतलं. थांबला. मेव्हणीचं घेतलं. थांबला. तीन दिवसांच्या मुलाचं. लेकीचं. प्रत्येक नावानंतर तो आधीसारखाच थांबत होता, आणि आत अस्वल ओठ घट्ट मिटून बसलं होतं.

मग त्याने काकूचं नाव घेतलं. पार्कात ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांसाठी ती काकूच होती. मीही ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते दारात घ्यायचं नाव आहे.

अस्वलाने आजूबाजूला पाहिलं. अडीच फूट जागा. तिच्यात ते स्वतः, त्याचं पोट, कापसाचे दंड, मांडीवर ते भलंमोठं डोकं. रेटून बसवलेली मोटर. बोट शिरायलाही फट नव्हती. "जागा आहे" असं त्याला म्हणता येईना, कारण नव्हती.

"थांबा मिस्त्री," ते म्हणालं. "जागा करतो."

मग आतून जी धडपड झाली ती मला अजून आठवते. पोशाखाच्या पाठीची चेन अडकली. अस्वल स्वतःशीच शिव्या देत होतं. मोटरवर कोपर आपटलं. शेवटी पोशाख एकदाचा निघाला आणि त्याने तो गोळा करून प्लायवुडवरून पलीकडे, पॉपकॉर्नच्या दुकानामागे भिरकावला. डोकंही त्याच्यामागून गेलं. ते दुकानाच्या पत्र्यावर पडल्याचा आवाज आला. घामाने भिजलेल्या बनियनमध्ये अस्वल भिंतीला पाठ लावून उभं राहिलं. स्टूल रिकामं केलं. रुमाल सरळ केला.

"हं," ते म्हणालं. "आता आहे. जागा आहे."

त्याने मला हाताने ढकललं. मोटर बंद असल्यामुळे जोर लावावा लागला. मी सावकाश बाहेर उघडलो. मिस्त्री या वेळी दोन पावलं मागे सरला. मग बाजूला झाला. एक माणूस आत जायला जितका वेळ लागतो तितका वेळ थांबला. काकू सावकाश चालायची. तो तितका थांबला.

मग अस्वल बाहेर आलं आणि तो आत गेला. बारा वर्षांत तो पहिल्यांदाच तिथे बसला. त्याची जागा कायम बाहेर असायची. त्याने वर बल्बकडे पाहिलं. माझ्या पाठीकडे पाहिलं. बुजवलेल्या खाचांवर हात ठेवला.

"इतक्याशा जागेत बसायची?"

"उकडतं म्हणायच्या," बाहेरून अस्वल म्हणालं. "पण तुम्ही ठोकता ते आतून छान ऐकू येतं म्हणायच्या."

मिस्त्री रडला नाही. अर्धा तास बसला. मग बाहेर येऊन म्हणाला, "भूक लागलीय." दोघं पाव खायला गेले.

तुम्हाला वाटेल, यानंतर सगळं बदललं असेल. तसं काही झालं नाही. अस्वलाचं डोकं पत्र्यावरून घरंगळून रस्त्यावर पडलं होतं. फाटकाकडे जाणाऱ्या एका मुलीने ते पाहिलं आणि अस्वल मेलं म्हणून भोकाड पसरलं. तिच्या वडिलांनी तक्रार केली. अस्वलाला पत्र मिळालं आणि त्याची बदली गाड्या लावायच्या जागी झाली. "गुडघ्यांना बरं," तो म्हणाला. सणाचा महिना ठरल्यासारखा संपला. भोंगा रोज विचारत राहिला. मिस्त्री रोज ओरडत राहिला, आणि वेळेवर मागे सरत राहिला.

यंदा माझ्या जागी फायबरचा दरवाजा आला. त्याच्यात दिवे आहेत. मला काढून भंगाराच्या ढिगाशेजारी टेकवलं. तिथे इतर घरांच्याही वस्तू होत्या. प्रत्येकीवर महिन्याचं नाव लिहिलेलं. माणसांचं नव्हतं. मी तिथे पाच आठवडे होतो. एका कोपऱ्याला वाळवी लागली.

मिस्त्रीने नोकरी सोडली तेव्हा तो मॅडमकडे गेला आणि मला मागून घेतलं. मॅडमनी कागदावर सही केली. मग विचारलं, "घरी लावणार? उलटा लावायला हवा ना?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "सरळ लावणार."

चौकटीसकट हातगाडीवरून त्याने मला घरी नेलं. पुढे तो, मागून ढकलायला अस्वल. घरात कळलं की मी दोन बोटं उंच आहे. लांबून दिसावं म्हणून मला मोठं केलं होतं. मिस्त्री चार दिवस नुसता माझ्याकडे पाहायचा. पाचव्या दिवशी त्याने करवत घेतली. वाळवीचा कोपरा त्यातच गेला. मग पटाशीने त्याने जुन्या खाचांमधले तुकडे काढले, ते त्यानेच ठोकलेले. घट्ट बसले होते, वेळ लागला. बिजागऱ्यांना तेल दिलं. मला टांगलं आणि आत ढकललं. कुठे घासलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घराला दरवाजा असेल. त्याच्या बिजागऱ्यांना वर्षातून दोनदा तेल द्या. तो फुगला तर लाथ मारू नका, सुताराला बोलवा. आणि कुणी दार वाजवलं, तर कोण आहे ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर यायला कधी कधी वेळ लागतो. आत जागा नसेल तर करा.

उद्या सण आहे. लेक आणि नात आज दुपारी आल्या आहेत. नात विचारत होती, अस्वल येणार का. येणार आहे, पण डोकं न घालता, जेवायला. आतून विचारायचं काम तिने मागून घेतलंय. आल्यापासून तिचा सराव चाललाय. काय म्हणायचं ते तिला पाठ आहे.

मिस्त्री बाहेर उभा राहील. मी आता आत उघडतो. त्याला मागे सरावं लागणार नाही.